बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशाताई घरी येतात का? पैसे लागतात का?

हो येतात, आणि एक रुपयाही द्यायचा नसतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या, घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. मी गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी) आहे म्हणून सांगते, ताई बाळाला झोळीत घालून वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, श्वास मोजतात, दूध नीट ओढतंय का बघतात (ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली, फार मोठं काम आहे ते). फक्त बाळंतीण माहेरी असेल तर तिथल्या आशाला नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टरला आधीच कळवा, नोंदच नसेल तर त्या येणार कशा. आणि बाळ थंड पडलं किंवा दूध प्यायचं सोडलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.