रँच मॅनेजमेंट शिकायला जाताय? आधी गवत मोजा
अमेरिकेत रँच मॅनेजमेंट, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळण्याचं व्यवस्थापन, शिकणार असशील, तर जनावरांआधी गवत मोजायला शीक. कुरणात ठरावीक मापाची चौकट ठेवून तिच्यातलं गवत कापून, वाळवून वजन कर. एकरी 2000 पौंड निघालं तरी गायीच्या पोटात 25 टक्केच धर, म्हणजे 500. निम्मं कुरणासाठी राखायचं, बाकीचं तुडवण्यात नि किडीत जातं. 1000 पौंडांची गाय वासरासह दिवसाला साधारण 26 पौंड सुका चारा खाते, वर्षाला 9490. म्हणजे एका गायीला 19 एकर! आपल्या गोठ्यावरचा अंदाज इथे चालत नाही.

सरासरी पावसावर कळप ठरवलास, तर दुष्काळात सगळ्यांबरोबर पडत्या भावात गायी विकाव्या लागतील.

आणि अकाउंटिंग टाळू नकोस. घसारा (वस्तू जुन्या होत जाताना घटणारी किंमत) आणि घरच्यांची मजुरी खर्चात धरली नाही की कागदावर नफा दिसतो, पण म्हाताऱ्या गायीच्या जागी कालवड घ्यायला पैसा नसतो.