बोनस विकत घ्यावा का? दलालीच्या हिशेबाने बघ

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेवर येतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: साइटवरच्या खात्यात सहा हजार आहेत, दर स्पिनला दहा रुपयांच्या बेटवर स्लॉट (चित्रांची चक्रं फिरवायचा ऑनलाइन जुगार) खेळतोस, आणि बोनस, म्हणजे फुकट स्पिनची फेरी, उघडणारी तीन स्कॅटर चिन्हं पडायची वाट बघून कंटाळलास. आणि इंदुरातल्या भंवरकुव्याचा तुझा रूममेट म्हणतो, "भिया, हजार भर आणि सरळ बोनस घे. वाट बघण्यातच जास्त पैसे जातात."

रूममेटचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धवट आहे. मी सियागंजात किराण्याच्या पेढीवर तीस वर्षं खातेवह्या लिहिल्या, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. गेमच्या माहितीत आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी परत येणारा वाटा, ९६ टक्के लिहिलेला असतो ना, तो उलटा वाच: चार टक्के दलाली. आणि दलाली नेहमी उलाढालीवर लागते. गूळ विकून तुला फायदा झाला की नुकसान, दलालाला त्याच्याशी घेणं नाही. जितकी पोती हलली तितकी त्याची दलाली. इथेही तेच. तू किती जमा केलेस त्यावर चार टक्के जात नाहीत, किती फिरवलेस त्यावर जातात. जिंकलेले पैसे परत लावलेस की त्यांच्यावर पुन्हा चार टक्के.

आता एक नमुन्याचा गेम धरू. बोनस सरासरी ३०० स्पिनमध्ये एकदा येतो आणि सरासरी ९६० रुपये देतो. वाट बघितलीस तर ३०० स्पिनची उलाढाल ३,००० रुपये. त्यातले १,९२० किरकोळ जिंकण्यांतून परत येतात, बोनसचे ९६०, एकूण २,८८०. म्हणजे एका बोनसमागे गेले १२० रुपये. विकत घेतलास तर हजार दिले, ९६० आले, गेले फक्त ४०. रूममेट जिंकला!

पण घड्याळ लाव. एका स्पिनला पाच सेकंद धर, ३०० स्पिनला २५ मिनिटं लागतात. विकतचा बोनस दोन मिनिटांत आटोपतो. त्याच २५ मिनिटांत तू बारा बोनस घेऊ शकतोस, उलाढाल बारा हजार, दलाली ४८०. म्हणजे त्याच वेळात चौपट. "मी एकच घेईन" असं म्हणशील. मीही म्हणायचो.

हे झालं सरासरीचं. खरी मेख पुढे आहे. ९६० ही सरासरी असली तरी ९६० रुपये देणारा बोनस तुला क्वचितच दिसेल. समजा शंभर बोनस घेतले, लाख रुपये गेले, ९६ हजार परत आले. त्यात एका बोनसने तीस हजार दिले आणि तिघांनी सहा-सहा हजार. झाले ४८ हजार. उरलेल्या ९६ बोनसना मिळून ४८ हजार, म्हणजे प्रत्येकी पाचशे. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण जास्त चढ-उताराच्या गेमची घडण अशीच असते. तुझ्या सहा हजारांत, दर वेळी पाचशे परत येत गेले, तर अकरा बोनस होतात आणि मग बाराव्याला पैसे पुरत नाहीत. या अकरांत ते चार मोठ्यांपैकी एकही न लागण्याची शक्यता शंभरात ६४. आणि आठ कोरडे गेले म्हणून नववा "आता येणारच" असं काही नसतं. मशीनला मागचं आठवत नाही.

सराफ्यातली, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली, गोष्ट सांगतो. रात्री अकराची वेळ, भुट्ट्याच्या किसाची ऑर्डर दिली होती, गर्दी फार. उभ्या उभ्या मोबाइल काढला आणि हजाराचा बोनस घेतला. दहा फ्री स्पिन झाले, पडदा सोनेरी झाला, ढोल वाजले, नाण्यांचा पाऊस आणि आकडा हळूहळू वर चढत गेला: शंभर, दोनशे, तीनशे बारा. खाली मोठ्या अक्षरांत अभिनंदन. ६८८ रुपये गेले होते आणि मी हसत होतो! प्लेट हातात येईपर्यंत चार बोनस घेऊन झाले. कीस गार झाला, त्यावरचा लिंबू मी घरी येऊन शर्टाच्या खिशात सापडल्यावर आठवला. (तो खिशात का टाकला, अजून कळलेलं नाही.) त्या रात्री पेढीवरच्या जुन्या वहीत प्रत्येक बोनस मांडला, घेतला कितीला, दिलं किती. लाल शाई संपली.

ब्रिटनच्या जुगार आयोगाला हे उगीच खटकलं नाही. बोनस विकत घ्यायची सोय बिग टाइम गेमिंग या कंपनीच्या व्हाइट रॅबिट या गेममध्ये २०१७ साली आली, आणि २०१९ मध्ये आयोगाने तिथल्या परवानाधारकांना ती बंद करायला लावली. पुढे ३१ ऑक्टोबर २०२१ पासून दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं झालं, आणि बेटपेक्षा कमी परत आलं तर ढोल वाजवायचे नाहीत असाही नियम झाला. माझे तीनशे बारा तिथे मुकाट्याने आले असते.

व्हिडिओतल्या पोरांचे वीस-वीस हजारांचे बोनस बघून भुलू नकोस. त्यांतले बरेच जण साइटच्या पैशाने खेळतात, आणि त्यांच्या लिंकवरून आलेला जे हरतो त्यात त्यांना वाटाही मिळतो. थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या ट्विचने ऑक्टोबर २०२२ मध्ये विनापरवाना स्लॉट साइटचं प्रक्षेपण बंद केलं ते तक्रारींनंतरच.

आरटीपीबद्दल एवढंच की एकाच गेमच्या ९६, ९४, ९२ अशा आवृत्त्या असतात आणि कुठली लावायची ते साइट ठरवते. गेमच्या आतल्या माहितीच्या पानावर बघ, विकतच्या बोनसचा आकडा बहुतेक वेळा वेगळा दिलेला असतो. कधी तो अर्ध्या टक्क्याने जास्त असतो, म्हणजे हजारामागे पाच रुपये. त्यावर निर्णय घेऊ नये. आणि डेमोत बोनस फुकटात विकत घेता येतो. पन्नास घे आणि वहीत मांड. मोबाइलच्या नोंदीत नाही, वहीत, हाताने.

तर माझं उत्तर: घेऊ नकोस. खरं तर तिथे खेळूच नकोस, कारण तुझा प्रश्न बोनसचा असला तरी मला काळजी त्या सहा हजारांची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि बँकांना त्यासाठीचे व्यवहार करायला मनाई आहे. म्हणून या परदेशी साइट भाड्याच्या खात्यांवर यूपीआय घेतात. दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव येतं ना, ते हेच. असं खातं पोलिसांनी गोठवलं तर त्याच्याशी व्यवहार केलेल्याचंही खातं अडकू शकतं, आणि तुझ्या बँकेच्या खात्यात घरून फीचे पैसे येतात.

आज काढायला टाक. आधी पाचशे, ते आले की बाकीचे. "काढण्याआधी टॅक्स म्हणून दोन हजार जमा करा" असा मेसेज आला तर एक रुपयाही भरू नकोस, स्क्रीनशॉट घे आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन कर. पाचशे आले की नाही ते उद्या कळव.