वाचकांचे प्रश्न : कर्नेलची सुरक्षा-सूचना कशी वाचावी?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातील संगणकावर डेबियन १२ (लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली) असून ग्रंथांची देवघेव आणि सूची ‘कोहा’ या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधून चालते. कर्नेलविषयी (कार्यप्रणालीच्या गाभ्याविषयी) ई-मेलने आलेल्या सुरक्षा-सूचनेत शंभराहून अधिक सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-दोषांना दिले जाणारे ओळख-क्रमांक) होते आणि विशेषाधिकार वाढवून घेणे, सेवा बंद पाडणे किंवा माहिती फुटणे शक्य असल्याचे म्हटले होते. मी लगेच अपडेट केले, तरी कर्नेलचा आकडा ६.१.० असाच दिसतो. भाच्याच्या डेबियन १३ वर मात्र ६.१२ आहे. आमच्यावर हल्ला झाला आहे काय? आणि कर्नेल खरोखर बदलला काय?
— एक ग्रंथपाल, जि. सातारा

उत्तर : हल्ला झाल्याचे ही सूचना सांगत नाही. दोष सापडले असून त्यांची दुरुस्ती उपलब्ध आहे, एवढाच तिचा अर्थ. तुमचा संगणक कोणी तपासून ती पाठवलेली नसते. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे ब्राउझरमध्ये झळकणारे फलक ही निराळीच जात आहे आणि ते सरळ बंद करावेत.

क्रमांकांच्या संख्येनेही घाबरू नये. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नेलचे विकसक स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात, आणि कर्नेलमधील जवळपास कोणतीही चूक सुरक्षेला बाधक ठरू शकते या भूमिकेमुळे ते सढळ हाताने देतात. त्यामुळे यादी लांबली, याचा अर्थ कर्नेल अचानक बिघडला असा होत नाही. त्यातील कित्येक दोष तुमच्या यंत्रात नसलेल्या उपकरणांच्या ड्रायव्हरमधले असतील. पण ते एकेक करून निवडत बसण्यापेक्षा सगळी दुरुस्ती घेणे कितीतरी सोपे असते.

खरे लक्ष द्यावे ते ‘विशेषाधिकार वाढवून घेणे’ या शब्दांकडे. २०२२ सालचे ‘डर्टी पाइप’ प्रकरण पाहण्यासारखे आहे. सॉफ्टवेअर-विकसक मॅक्स केलरमन यांच्याकडे ग्राहकांच्या संकुचित केलेल्या लॉग-फायली बिघडल्याच्या तक्रारी अधूनमधून येत होत्या. त्यांचा माग काढता काढता चूक खुद्द कर्नेलमध्ये असल्याचे त्यांना आढळले. केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फायलीतील मजकूरही साधा वापरकर्ता त्या चुकीमुळे बदलू शकत होता, आणि वापरकर्त्यांची नोंद ठेवणारी फाइल अशी बदलली की प्रशासकाचे सर्वाधिकार हाती येत. ही चूक ५.८ या आवृत्तीत शिरली होती. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी दुरुस्त आवृत्त्या निघाल्या आणि ७ मार्चला सविस्तर माहिती जाहीर झाली. माहिती जाहीर झाली की हल्लेखोरांनाही वाट कळते, म्हणून त्यानंतरची दिरंगाई महागात पडते.

अशा दोषांना ‘स्थानिक’ म्हणतात आणि तिथेच वाचकाची फसगत होते. हल्लेखोराने तुमच्या खुर्चीवर येऊन बसायला हवे, असा त्याचा अर्थ नाही. त्या यंत्रावर साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने एखादा प्रोग्राम चालवता आला तरी पुरते. तुमची सूची बाहेरून पाहता येत असेल आणि वेब-सर्व्हरमधील एखाद्या फटीतून कोणी आत शिरला, तर त्याला पुढची पायरी कर्नेलमधला असा दोषच मिळवून देतो.

आता आकड्याविषयी. डेबियन १२ मध्ये ६.१ हीच दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा ठेवलेली आहे आणि नव्या शाखांमधील दुरुस्त्या तिच्यात आणून बसवल्या जातात. त्यामुळे भाच्याचा ६.१२ पाहून तुमचा कर्नेल असुरक्षित ठरत नाही. ‘युनेम -आर’ ही आज्ञा (अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत) दिल्यावर दिसणाऱ्या ६.१.० मधले शेवटचे शून्य निव्वळ संकेताचे आहे. बदलतो तो पुढच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा. हा संकेत गोंधळात टाकणारा आहे खरा, आणि डेबियन १३ मध्ये तो बदललाही आहे. ‘आर’ऐवजी ‘व्ही’ लिहिल्यास पूर्ण आवृत्ती आणि तारीख दिसते. ती सूचनेत दिलेल्या दुरुस्त आवृत्तीशी ताडून पाहावी.

तुमच्याकडे ती आवृत्ती जुनीच दिसली, तर कारण बहुधा दोनांपैकी एक असेल. ‘अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड’ ही जुनी आज्ञा नवे पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बसवत नाही, आणि नवा कर्नेल नव्या नावाच्या पॅकेजातून येत असल्याने तो मागे राहतो. ‘अ‍ॅप्ट अपडेट’ आणि मग ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ वापरल्यास येतो. दुसरे आणि अधिक आढळणारे कारण म्हणजे संगणक रीस्टार्ट न करणे. नवा कर्नेल डिस्कवर येऊन पडलेला असतो, पण मेमरीत जुनाच चालत राहतो. देवघेवीचा संगणक महिनोन्‌महिने चालूच ठेवणाऱ्या वाचनालयांत हे सर्रास घडते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कोहाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मग रीस्टार्ट करावा. नव्या कर्नेलने संगणक सुरू झालाच नाही, तर सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रब मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नेल निवडता येतो. म्हणूनच बूट विभागातील जुन्या फायली हाताने पुसू नयेत. जागा कमी पडल्यास ‘अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह’ने नको असलेले कर्नेल काढावेत, तेही नव्या कर्नेलवर देवघेवीचे काम आठवडाभर सुरळीत चालल्यावर.