सँडे बेटावरच्या पुळणी: वारा आणि ओहोटी पाहून ठरवायचा मुक्काम

जूनच्या अखेरीस लीड्सहून सत्तरीच्या आई आणि दोन शाळकरी मुलांसह स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात जायचे आहे, त्यातले सँडे हे बेट एवढ्या लांबच्या प्रवासाच्या योग्यतेचे आहे का, आणि ऑर्कनीचे मुख्य शहर असलेल्या कर्कवॉलहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे पुरेसे होईल का, असे आपण विचारले आहे. बेट त्या योग्यतेचे निःसंशय आहे. एका दिवसात जाऊन येणे मात्र टाळावे, निदान तीन रात्री तरी तिथे राहावे, असा माझा आग्रह आहे. सँडेवर कोणत्या दिवशी कोणत्या पुळणीवर जायचे हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही. ते वारा आणि ओहोटी ठरवतात, आणि त्यांच्या कलाने घ्यायला हाताशी थोडे दिवस असावे लागतात.

सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचे, जेमतेम पाचशे वस्तीचे हे बेट अतिशय सखल आहे. नकाशात पाहिले तर खेकड्याने चहूकडे नांग्या पसराव्यात तसा त्याचा आकार दिसतो. या पसरलेल्या भूशिरांमधल्या जवळजवळ प्रत्येक बाकात, म्हणजे किनाऱ्याच्या आत वळलेल्या भागात, वाळू साचलेली आहे, आणि प्रत्येक बाकाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे. याचा फायदा असा की वारा कुठूनही सुटला तरी त्याच्या आडोशाला एखादी पुळण सापडतेच. या भागात नैऋत्येचा वारा अधिक वाहतो. तो असेल त्या दिवशी उत्तरेच्या व्हाइटमिल बे या पुळणीवर जावे, कारण तिथे पाठीमागे वाळूच्या टेकड्या येतात आणि त्यांच्या पायथ्याशी आई चादर अंथरून निवांत बसू शकतील. समोर समुद्रापलीकडे नॉर्थ रोनाल्डसे बेटाची सपाट रेघ आणि तिथले उंच दीपगृह दिसते. उलट वारा उत्तरेचा असेल तर व्हाइटमिलला पाच मिनिटेही बसवत नाही. अशा वेळी दक्षिणेकडे तोंड असलेल्या बॅकास्केल किंवा लॉपनेसच्या बाकात जावे. या बेटावर झाडे नाहीत म्हटले तरी चालेल, त्यामुळे वाऱ्याला आडवे येणारे असे टेकड्या आणि दगडी गडगे एवढेच काय ते असते. छायाचित्रांत सगळ्या पुळणी सारख्याच सुंदर दिसतात, म्हणून लोक एकच नाव मनाशी धरून येतात आणि नेमक्या त्याच पुळणीवर वाऱ्याने हैराण होऊन परत जातात. असे व्हायला नको म्हणून हे इतके सविस्तर सांगतो आहे.

वाळूविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती इतकी पांढरी आहे याचे कारण तिचा बराचसा भाग दगडाचा चुरा नसून शिंपल्यांचा आहे. उथळ समुद्रात वाढणारे शिंपले आणि शंख लाटांनी फुटून, घासून किनाऱ्याला लागतात आणि शतकानुशतके साचत राहतात. मूठभर वाळू तळहातावर घेऊन मुलांना नीट पाहायला लावा. जांभळट निळा कण दिसला तर तो शिंपल्याच्या पाठीचा तुकडा असतो, पिवळाजर्द दिसला तर एखाद्या छोट्या शंखाचा, आणि मधूनमधून समुद्री साळूच्या काट्याची बारीक नळी सापडते. भरतीने टाकून दिलेल्या शेवाळाच्या ओळीखाली चिकाटीने शोधले तर करंगळीच्या नखाएवढी गुलाबीसर कवडीही मिळते. ऑर्कनीचे लोक तिला ग्रोटी बकी म्हणतात आणि ती सापडणे शुभ मानतात. आईंनी लहानपणी कवड्यांनी खेळ खेळले असतील तर हा शोध त्याच सर्वांत मन लावून करतील. हीच चुनखडीयुक्त वाळू वाऱ्याने आत उडून गेल्यामुळे किनाऱ्यालगतच्या कुरणांत उन्हाळ्यात रानफुले दाटीने येतात, आणि जूनचा शेवट हा त्यांचाही काळ असतो.

आता ओहोटीकडे वळतो, कारण सँडेवर जपून वागावे लागते ते मुख्यतः इथे. ऑर्कनीत उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत अडीच-तीन मीटरचा फरक पडतो. हा आकडा कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला मोठा वाटणार नाही, पण सँडेची जमीन इतकी सपाट आहे की तेवढ्या फरकाने अफाट मोठा पट्टा उघडा पडतो आणि पुन्हा बुडतो. काटा सँड नावाचा भाग ओहोटीला नजर पोहोचेल तिथवर ओल्या, चमकत्या वाळूचे मैदान होतो आणि भरतीला तिथे पुन्हा उथळ पाणी पसरते. मुलांना धावायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. मात्र अशा सपाटीवर पाणी समोरून लाट होऊन येत नाही. ते आधी वाळूतल्या बारीक ओघळींतून आपल्या मागच्या बाजूला शिरते, त्यामुळे पाणी चढू लागले की मध्यभागी न रेंगाळता कडेला यावे. याच वाळूखाली नवाश्मयुगातल्या, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या घराचे अवशेष पुरातत्त्वज्ञांना गेल्या दशकात मिळाले. आज जिथे भरतीचे पाणी फिरते तिथे तेव्हा माणसे चूल मांडून राहत होती, हे मुलांना त्या जागी उभे राहून सांगण्यासारखे आहे.

बेटाच्या पूर्व टोकाला असलेले स्टार्ट पॉइंट तर भरतीच्या वेळी वेगळे बेटच होते. तिथले दीपगृह अभियंते रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी उभारले आणि १८०६ मध्ये त्यात फिरता दिवा बसवला, जो स्कॉटलंडमधला पहिला. मनोऱ्यावर काळे-पांढरे उभे पट्टे रंगवलेले आहेत. असे उभे पट्टे स्कॉटलंडच्या दुसऱ्या कोणत्याही दीपगृहावर नाहीत. सखल असल्यामुळे हे बेट वादळात जहाजांना दिसत नसे आणि त्याच्या खडकांवर कितीतरी जहाजे फुटली, म्हणून हा दिवा लावावा लागला. तिथे चालत जाता येते, पण ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघून, पाणी पुन्हा चढू लागल्यावर तासाभराच्या आत मुख्य बेटावर परतलेच पाहिजे. वाट वाळूची नसून शेवाळलेल्या दगडांची आहे. पायाखालचा प्रत्येक दगड निसरडा असतो आणि घाई केली तर घोटा मुरगळतोच, म्हणून आईंना तिकडे नेऊ नये असे मी स्पष्टच सांगतो. अलीकडच्या काठावरूनही मनोरा छान दिसतो.

वेळापत्रक कर्कवॉल बंदराचे घ्यावे आणि एक गोष्ट आवर्जून तपासावी. ब्रिटनमधील भरती-ओहोटीची काही छापील कोष्टके ग्रीनिच वेळेत असतात आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते. तो तास मिळवलेला आहे की नाही हे पाहिले नाही, तर सगळा हिशेब एका तासाने चुकतो, आणि स्टार्ट पॉइंटच्या वाटेवर एक तास फार असतो. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग उघडून अमावास्या-पौर्णिमा पाहा आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत बेटावर असाल असे बेत आखा, कारण मोठे उधाण तेव्हा असते आणि वाळू सर्वांत दूरवर तेव्हाच उघडी पडते. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ओहोटी संध्याकाळी उशिरा असली तरी प्रकाशाची अडचण येत नाही.

अशा मोठ्या ओहोटीला लॉपनेसच्या बाकात बी-९८ या जर्मन युद्धनौकेचे गंजलेले अवशेष पाण्याबाहेर येतात. पहिल्या महायुद्धानंतर ताब्यात घेतलेली ही नौका १९२० मध्ये ओढून नेली जात असताना दोर तुटून इथे येऊन रुतली. पोहत किंवा चढून तिच्याजवळ जाण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नका. त्याच्याही फार आधीची नौका पश्चिमेकडच्या स्कार येथे सापडली. समुद्र किनारा खात चालल्यामुळे १९९१ मध्ये घाईने उत्खनन करावे लागले, आणि त्यात व्हायकिंग काळातल्या नौकेत पुरलेले एक पुरुष, एक वृद्ध स्त्री आणि एक मूल असे तिघे मिळाले. त्या स्त्रीजवळची व्हेलच्या हाडाची कोरीव पाटी कर्कवॉलच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. सँडेला जाण्यापूर्वी ती पाहून घ्यावी, म्हणजे बेटावर पाऊल ठेवताना नजर तयार असते.

जूनमध्ये किनारा माणसांचा नसला तरी रिकामाही नसतो. सुरय पक्षी वाळूत आणि बारीक गोट्यांत उघड्यावर अंडी घालतात. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून हजारो किलोमीटर उडत हे पक्षी इथे पिल्ले वाढवायला येतात. त्यांची अंडी वाळूच्याच रंगाची असल्याने दिसत नाहीत, आणि आपण जवळ गेलो की पक्षी कर्कश ओरडत डोक्यावर सूर मारतात, प्रसंगी टोचतातही. तसे होऊ लागले की घाबरून पळू नये, आल्या पावली शांतपणे मागे फिरावे आणि तो भाग सोडून द्यावा. ओल्या वाळूवरून, पाण्याच्या कडेने चालले तर घरटी तुडवली जाण्याची भीती राहत नाही. सील माद्यांचाही पिल्ले होण्याचा हाच काळ असतो. खडकावर पहुडलेल्या सीलने मान वर करून आपल्याकडे पाहिले, की आपण पुरेसे जवळ आलो आहोत असे समजावे. आणखी पुढे गेलो तर ती पाण्यात शिरते आणि पिल्लू मागे राहते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवर आहे, आणि ही अट मला हक्काइतकीच मोलाची वाटते.

थंडीबद्दल भ्रमात राहू नका. भर उन्हाळ्यातही दिवसाचे तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असते आणि जूनमध्ये समुद्राचे पाणी दहा-अकरा अंशांचे. मुले पाण्यात शिरणारच, तेव्हा त्यांना वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारे घट्ट पोशाख, घ्यावेत आणि गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये, कारण किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. आईंसाठी वारा अडवणारे जाकीट, कानटोपी, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास एवढे सोबत असले तर त्या तासन्‌तास बसतील. पुळणींवर उपाहारगृहे नाहीत आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृहेही नाहीत, म्हणून वाहन बरोबर असणे वयस्कर माणसासाठी आवश्यकच समजावे. किराणा बेटावर मिळतो, पण शाकाहारी जेवणाची खात्री हवी असेल तर डाळ, तांदूळ, मसाले घरूनच न्यावेत आणि स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे.

मोटार घेऊन जायचे तर स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉम्नेस किंवा गिल्स बेहून सेंट मार्गारेट्स होप अशी बोट घेऊन ऑर्कनीत उतरावे, आणि कर्कवॉलहून सँडेच्या लोथ धक्क्याला जाणारी बोट पकडावी. ती साधारण दीड तास घेते, वाटेत दुसऱ्या बेटाला लागली तर अधिक. मोटारीची जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि उन्हाळ्यात ती लवकर भरते. आईंना बोट लागत असेल तर त्यांना एका मुलासह कर्कवॉलहून लोगनएअर या विमान कंपनीच्या आठ प्रवाशांच्या छोट्या विमानाने पाठवावे आणि आपण धावपट्टीवर त्यांना घ्यायला जावे. उड्डाण काही मिनिटांचे असते आणि खाली सगळे बाक नकाशासारखे उलगडतात. सामान मात्र थोडेच नेता येते. समुद्रावरून धुके आले तर विमान आणि जोराचा वारा सुटला तर बोट रद्द होऊ शकते, म्हणून लीड्सला परतण्याच्या आधीचा एक दिवस कर्कवॉलमध्ये मोकळा ठेवूनच सर्व आरक्षणे करावीत.