सॉफ्टनिंग पॉइंट तोच, मग ईव्हीए हॉटमेल्ट नव्या रेझिननं दुधाळ का होतं?

तुमची अडचण अशी: खोकी चिकटवायच्या हॉटमेल्टमध्ये (वितळवून लावायच्या गोंदात) 28 टक्के व्हिनाइल ॲसिटेटच्या ईव्हीएबरोबर (एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे गोंदातला मूळ पॉलिमर) रोझिन एस्टर (झाडाच्या राळेपासून केलेलं रेझिन) व्यवस्थित चालत होतं. त्याच्या जागी तेवढ्याच, म्हणजे 100 अंश सॉफ्टनिंग पॉइंटचं (मऊ पडण्याच्या तापमानाचं) सी-5 रेझिन (पेट्रोलियमच्या पाच-कार्बन घटकांपासून केलेलं) घातलं. टाकीत 175 अंशांना माल स्वच्छ दिसतो, पण गार झाला की दुधाळ होतो आणि खोक्यावर पकड घेत नाही.

रेझिन पॉलिमरमध्ये एकजीव होईल की नाही, हे सॉफ्टनिंग पॉइंट सांगत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर: दोघांची रासायनिक घडण किती जवळची आहे आणि रेझिनचे रेणू किती लांब आहेत.

आधी घडण. व्हिनाइल ॲसिटेट वाढलं की ईव्हीए ध्रुवीय (रेणूत विद्युतभाराची असमान वाटणी असलेलं) होत जातं. सी-5 रेझिन निव्वळ ॲलिफॅटिक (बेंझिनची कडी नसलेलं), त्यामुळे ते 18 टक्केवाल्या ग्रेडशी जास्त जुळतं, 28 ला काठावर असतं आणि त्यापुढे वेगळं पडतं. ॲरोमॅटिक (बेंझिनची कडी असलेल्या) सी-9 रेझिनचं उलट, त्याला जास्त ॲसिटेट मानवतं. रोझिन एस्टरमध्ये एस्टरचे गट आणि हायड्रोकार्बनचा सांगाडा दोन्ही असल्यानं ते जवळपास सगळ्या ग्रेडमध्ये खपून जातं. रबरातही हेच दिसतं: पॉलिस्टायरीनच्या जातीचं छोट्या रेणूंचं रेझिन एसबीआरमध्ये (स्टायरीन-ब्यूटाडाइन रबरात) विरघळतं, नैसर्गिक रबरात नाही.

आता रेणुभार. तुमचं रेझिन काठावर असल्यानं खरा निकाल इथेच लागतो. फ्लोरी-हगिन्सच्या (पॉलिमर मिसळण्याच्या सिद्धांताच्या) हिशेबानं दोन घटकांमधली 'नावड' एका मर्यादेपर्यंतच चालते आणि ती मर्यादा साखळ्यांच्या लांबीवर ठरते. पॉलिमरची साखळी 1000 एककांची आणि रेझिनची 10 एककांची धरली, तर मर्यादा 0.060 येते. रेझिन 40 एककांचं झालं की ती 0.018 वर घसरते. उलट रेझिन 10 वरच ठेवून पॉलिमर 1000 वरून 4000 वर नेलं, तर फक्त 0.055 होते. म्हणून 150 मेल्ट इंडेक्सऐवजी 400 चं (वितळल्यावर जास्त सहज वाहणारं, म्हणजे छोट्या साखळ्यांचं) ईव्हीए घेऊन हा दोष जाणार नाही. पातळपणा बदलेल, दुधाळपणा राहील. बरेच जण नेमका इथेच वेळ घालवतात.

यात सरासरी रेणुभार फसवा असतो. ग्लिसरॉल रोझिन एस्टरचा रेणू साधारण 950 चा, पेंटाएरिथ्रिटॉलचा 1270 च्या आसपास, आणि त्याहून फार मोठे रेणू त्यात कमीच. हायड्रोकार्बन रेझिनमध्ये मात्र जड रेणूंचं शेपूट असतं आणि आधी तेच वेगळं पडतं. जीपीसी (रेणूंची आकारानुसार विभागणी मोजणारी चाचणी) अहवालात एमझेड (जड रेणूंना जास्त वजन देणारी सरासरी) हा आकडा या शेपटाचा असतो. पुरवठादाराच्या डेटा शीटवर बहुधा रंग आणि सॉफ्टनिंग पॉइंटच छापलेले असतात, म्हणून एमझेड आणि क्लाउड पॉइंट (गार होताना मिश्रण धूसर होऊ लागतं ते तापमान) मागूनच घ्या.

तापमान उतरतं तशी या मिश्रणातली नावड वाढते, म्हणून टाकीतला स्वच्छ माल हा पुरावा धरू नका. वेगळं पडलेलं रेझिन पॉलिमरला मऊ करत नाही, नुसते ठिसूळ थेंब होऊन बसतं, आणि पकड जाते ती त्यामुळे.

पण दोष हॉटमेल्टमध्ये घातलेल्या मेणाचाही असू शकतो, म्हणून आधी मेणाशिवाय तपासा. 20 ग्रॅम ईव्हीए, 20 ग्रॅम रेझिन आणि 0.2 ग्रॅम अँटिऑक्सिडंट 175 अंशांच्या ऑइल बाथमध्ये एकसारखं होईपर्यंत ढवळा. गरम परीक्षानळीत ओता, थर्मामीटर आत ठेवा, मागे छापील कागद धरा आणि हळूहळू गार होऊ द्या. पहिली धूसर छटा कोणत्या अंशाला आली ते लिहा. 28 टक्क्यांचं ईव्हीए स्वतः साधारण 70 अंशांच्या खाली गेल्यावर स्फटिक होऊ लागतं, त्यामुळे त्याखालच्या धूसरपणाचा दोष रेझिनला देऊ नका. 100 च्या वर धूसर झालं तर रेझिन जुळत नाही. इथे स्वच्छ आणि मेण घातल्यावरच गढूळ, तर मेण बदला किंवा कमी करा. एक सावधगिरी: दोघांचा अपवर्तनांक जुळला तर वेगळे पडलेले घटकही पारदर्शक दिसतात. शंका वाटली तर डीएससी (तापवताना माल किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) करून घ्या. काच-संक्रमणाच्या (काचेसारखा कडक माल मऊ होऊ लागण्याच्या) दोन पायऱ्या दिसल्या, तर मिश्रण एकजीव नाही.

उपायांमध्ये मी पहिल्यांदा ॲरोमॅटिक-सुधारित सी-5 घेईन, सॉफ्टनिंग पॉइंट तोच ठेवून. ते महाग पडत असेल तर निम्मं रोझिन एस्टर, निम्मं सी-5 करून पाहा. एस्टर दोघांना सांधून धरतं. त्याच कुळातलं 85 अंशांचं रेझिनही चालेल, कारण त्याचे रेणू लहान असतात, पण उन्हात उभ्या ट्रकमध्ये खोकी उघडण्याचा धोका वाढतो. 18 टक्क्यांच्या ईव्हीएवर जाणं मी शेवटी ठेवीन, कारण त्यानं कडकपणा आणि सेटिंगची वेळ दोन्ही बदलतात.

जे निवडाल त्याचा नमुना 175 अंशांना झाकणाच्या भांड्यात 72 तास ठेवून क्लाउड पॉइंट पुन्हा मोजा. उष्णतेत रेझिनचं ऑक्सिडेशन होऊन त्याची ध्रुवीयता बदलते आणि पहिल्या दिवशी स्वच्छ असलेला माल तिसऱ्या दिवशी टाकीत थर धरू शकतो.