मायनस गेलेलं गाव पुन्हा लीडमध्ये कसं येईल?

२०२४ च्या लोकसभा-विधानसभेत गाव मायनस (म्हणजे पिछाडीवर) का गेलं, असं विचारणारी ही पत्रं विदर्भातल्या वेगवेगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांची आहेत. पक्षांची नावं गाळली आहेत, कारण दुखणं साऱ्यांचं सारखंच आहे.

प्रश्न: लोकसभेला आमच्या गावानं ६० ची लीड दिली. विधानसभेला तेच गाव मायनस. सात महिन्यांत लोक असे कसे पलटले? (दिग्रस तालुका, यवतमाळ)

पलटले की नाही, ते आधी तपासा. विदर्भात लोकसभेचं मतदान १९ आणि २६ एप्रिल २०२४ ला झालं आणि महाविकास आघाडीनं १० पैकी ७ जागा घेतल्या. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानात चित्र उलटं झालं. दरम्यान सोयाबीन काही महागलं नव्हतं. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. म्हणजे राग जागच्या जागी होता, तरी निकाल फिरला.

का फिरला, हे पारावर बसून कळणार नाही. फॉर्म २० काढा. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली त्याचा हा तक्ता, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. दोन्ही निवडणुकांचे तक्ते शेजारी ठेवा. समजा, लोकसभेला तुम्हाला ४१० आणि समोरच्याला ३५० मतं होती. विधानसभेला तुम्हाला ४०५, त्याला ४७०. तुमची पाचच मतं घटली! तुमचा माणूस बहुतेक जागेवरच आहे, समोरच्यानं एप्रिलमध्ये घरी बसलेले शंभरावर लोक बाहेर काढले. उलट, एकूण मतदान तेवढंच आणि तुमचे ४१० चे ३३० झाले असतील, तर मात्र माणसं गेली. या दोन गावांना एकच औषध देऊन चालत नाही, आणि आपले पक्ष नेमकं तेच करतात: दोन्हीकडे एक सभा, एक बॅनर. (केंद्रांची फेररचना होत असते, म्हणून केंद्राचा नंबर नाही, यादीतल्या गल्ल्या जुळवा.)

पहिल्या गावात मतदारयादी घेऊन घरोघर खुणा करा. कोण पुण्याकडं चाकणला कामाला आहे, कोणाचं नाव कटलं, कोण आजारी. दुसऱ्या गावात नाराजाच्या घरी आमदाराला नेऊ नका. निवडणूक नसतानाही ज्याचा त्या घरी चहा होतो असा माणूस पाठवा, आणि त्याला बोलायला नाही, ऐकायला सांगा. कारण बहुधा लहान निघतं. ऐन ओलिताच्या दिवसांत डीपी (विजेचं रोहित्र) जळाली, फोन केला, कुणी उचलला नाही. विचारसरणीचा प्रश्न तिथं कुणालाच पडलेला नसतो.

प्रश्न: त्यांनी लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० दिले, आम्ही ३,००० देतो म्हटलं. तरी बायांनी मत नाही दिलं. (लाखांदूर तालुका, भंडारा)

कसं देतील? १,५०० खात्यात होते, ३,००० जाहीरनाम्यात. त्यातही जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरताना अंगणवाडी सेविकेपुढे रांगा लागल्या, तेव्हा तुमच्यापैकी किती जण तिथं होते? बरेच जण ‘ही भीक आहे’ म्हणून हिणवत होते. ज्या बाईला नवऱ्याकडे हात न पसरता पहिल्यांदा पैसा मिळाला, तिला भीक म्हटल्यावर ती तुमचं तोंडही पाहणार नाही.

योजनेवर टीका करायची तर त्या बाईच्या बाजूनं करा. निवडणुकीत दिलेला २,१०० चा शब्द कुठं गेला, ते विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं, तेव्हा विधवा आणि टाकलेल्या बाया अडकल्या. गावात अशा कोण आहेत, त्यांची यादी तुमच्या महिला आघाडीकडे आहे का? नसेल तर पुढच्या आठवड्यात हेच काम.

प्रश्न: प्रकाश आंबेडकरांच्या वंचितनं मतं खाल्ली म्हणून आम्ही पडलो. (अकोला जिल्हा)

मतांचा सातबारा तुमच्या नावावर कधी झाला होता? २०२४ च्या लोकसभेत अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४० हजारांच्या आसपास फरकानं आले आणि प्रकाश आंबेडकर तिसरे राहूनही अडीच लाखांच्या वर गेले. ही मतं कुणाच्या ताटातली नव्हती, त्यांचीच होती. तुम्ही गावात ‘मतं खाणारे’ म्हणत फिरता आणि बौद्ध वस्तीत मात्र फक्त १४ एप्रिलला हार घालायला जाता. बूथ कमिटीत त्या वस्तीतलं कोण आहे, हे सांगा, मग पुढचं बोलू.

प्रश्न: शेतकरी मोर्चाला येतो, मतदान जातीवर करतो. मग शेतीचे प्रश्न धरून काय फायदा? (रिसोड तालुका, वाशीम)

मोर्चात ‘शेतकरी’ असतो, अडचणीत मात्र एकेकटा असतो. २००८ ची कर्जमाफी आठवा. पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. आपल्याकडं कोरडवाहू वावर मोठं आणि पीक कमी, त्यामुळे कितीतरी कर्जबाजारी बाहेर राहिले. घोषणा त्यांच्या नावानं झाली आणि लाभ दुसरीकडं गेला, हे लोक विसरलेले नाहीत. पुढं २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या आल्या, तेव्हा निकष विचारायला ते कुणाकडं गेले? बँकेत ओळख असलेल्या जातवाल्याकडं. कामाला जो उपयोगी पडतो तो जातीतलाच निघतो, म्हणून मतही तिकडं जातं.

म्हणून हमीभावाच्या सरकारी खरेदी केंद्रावर माणूस ठेवा. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ मध्ये ती १५ पर्यंत वाढवली, तोवर अनेकांनी व्यापाऱ्याला माल दिला होता. बारदाना (रिकामी पोती) संपला की ट्रॅक्टर भाड्यानं उभा राहतो, आणि ते भाडं शेतकऱ्याच्या खिशातून जातं. ओलावा मोजायला दाणे पोत्यातून काढले की वरवरचे घेतले, हे पाहायला दिवसभर कुणीतरी तिथं उभं हवं. त्याची जात कुणी विचारत नाही.

प्रश्न: दुसऱ्या पक्षातला वजनदार नेता येतो म्हणतो. घ्यावं का? (हिंगणघाट तालुका, वर्धा)

तो आला तर त्याच्याविरुद्ध दहा वर्षं लढलेले तुमचे किती जण घरी बसतील, हे आधी मोजा. तो बेरीज घेऊन येतो, वजाबाकी तुम्हालाच करावी लागते.