निदान रेषा ओलांडलीस का?

बाप्तिस्मा घेऊन तुला तीनच महिने झाले, आणि कापूस वेचणीत उपासना चुकते म्हणून तू खट्टू होतोस. गावच्या संघात तू चढाई करतोस, तर कबड्डीतलंच सांगतो.

चढाईला ३० सेकंद. मध्यरेषेजवळ कितीही नाच, 'कबड्डी कबड्डी'चा दम घुमव. कोणाला शिवला नाहीस अन् समोरच्या अंगणातली निदान रेषाही ओलांडली नाहीस, तर आपल्या अंगणात धडधाकट परतूनही बाद! पहिली दोन वर्षं माझंही असंच होतं. नाताळाला पुढच्या बाकावर, 'आमेन' सगळ्यात मोठ्यानं. घरची प्रार्थना मात्र रोज उद्यावर.

स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल, त्याचं नाव तू ऐकशीलच. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकात १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, उपासनेच्या दिवशी, म्हणून तो धावला नाही. ४०० मीटरला ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. लोकांना पदक आठवतं. मला त्यापुढचं मोठं वाटतं: दुसऱ्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये तिथल्याच जपानी नजरकैदेत वारला. पण त्याचा रविवार स्वतःला झोडायला वापरू नको. अवकाळीत भिजलेल्या कापसाला भाव कोण देतो?

सरावाला पहाटे पाचला उठतोसच ना? बूट बांधायच्या आधी एक स्तोत्र वाच. झोप आली तर उभ्यानं वाच, मी तेच करायचो. आणि एकटा राहू नको. कबड्डीत कोपऱ्यातल्यानं पाय धरला तरी हात धरलेल्या साथीदारांची साखळी लागतेच. बुधवारी रात्री आमच्या घरी प्रार्थना असते. बॅटरी घेऊन ये, लाईटीचा भरवसा नाही.